धड जनावराला सुई कशाला

आमच्या दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये सात रकाने आहेत. मालकाचं नाव, गाव, जनावर, बिल्ला नंबर, लक्षणं, इलाज आणि शेरा. शेऱ्याचा रकाना जेमतेम दोन बोटं रुंद. त्यात ‘बरे’ किंवा ‘मृत’ एवढंच मावतं. मधलं जे घडतं ते लिहायला जागाच नाही, म्हणून ते आमच्या डोक्यात साठत जातं. मग आमच्या लाईनची चार माणसं एखाद्या लग्नात एका पंगतीला बसली की सगळं बाहेर येतं. हातात जिलेबी आणि तोंडात जखमांच्या गोष्टी. शेजारचे लोक ताट घेऊन हळूच दुसरीकडं सरकतात.

मी जनावरांची डॉक्टर. मूळची मुरुडची, नोकरी देगलूर तालुक्यातल्या एका गावात. गाव असं की बाजारला निघालेल्या शेळ्या कर्नाटकातल्या, घेणारा तेलंगणातला आणि आजारी पडल्या की डॉक्टर मी. सरकारी इमारत एकच, खोल्या दोन. एका खोलीत मी आणि आमचे ड्रेसर शंकरमामा. दुसऱ्या खोलीत कृषी सहायक गायकवाड, म्हणजे पिकांवरच्या रोगाचा माणूस. दारात कुणीही आलं की मामा आधी विचारतात, “जनावर का पीक?”

घरचे म्हणतात, तू एका जागी बसत का नाहीस? जेवताना उठतेस, सिनेमा बघताना उठतेस. पूर्वी मी अशी नव्हते. हे सगळं या नोकरीत लागलं.

•

नोकरीचा पहिला आठवडा. पावसाचे दिवस. माधवराव नावाचे एक शेतकरी बोलवायला आले. दोन वर्षांचा गोऱ्हा, चांगला भरलेला, सकाळपासून मागच्या पायानं लंगडत होता. मांडीवर सूज. मी पुस्तकात वाचलेलं सगळं आठवत होते. मामा मात्र काही न बोलता खाली बसले आणि त्यांनी सुजेवर बोटं दाबली. आतून करकर आवाज आला, कोरडा पाला चुरगाळल्यासारखा.

“फऱ्या,” मामा म्हणाले.

सुया दिल्या, पण उशीर झाला होता. संध्याकाळपर्यंत गोऱ्हा गेला. मी सांगितलं, चामडं काढू नका, ओढ्याला टाकू नका, चुना घालून खोल पुरा. याचे जंतू मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. माधवरावांनी ते सगळं ऐकलं. डोळे पुसत खड्डाही घेतला. पण गोठ्यातल्या बाकीच्या चार वासरांना आपण लस देऊ म्हटल्यावर ते अडून बसले.

“मेला त्यो मेला. हे चार धड हायत. धड जनावराला सुई कशाला?”

मी जंतू, माती, प्रतिकारशक्ती असं बरंच काही बोलले. ते मान हलवत राहिले आणि ‘न्हाई’ म्हणत राहिले. शेवटी मामा उठले, हात धुतले आणि म्हणाले, “मालक, धड हाय तवर सुई असती. धड नसल्यावर फावडं.”

माधवरावांनी स्वतः वासरं धरली.

•

शेळ्यांच्या पीपीआरच्या लसीचा कॅम्प लावला होता. हा रोग आला की शेळीला ताप, नाकातोंडातून पाणी, हगवण, आणि आठवड्यात अर्धा कळप आडवा. दवंडी दिली, भोंगा फिरवला. सकाळी आठपासून मी आणि मामा चिंचेखाली लस बर्फात ठेवून बसलो. दुपारपर्यंत तिघेच आले, तेही शेळ्या न आणता, फक्त सांगायला.

पहिला म्हणाला, “नको म्याडम, सुईनं दूध आटतंय.”

दुसरा तेलंगणाच्या अंगाचा. तो म्हणाला, “वद्दु.”

तिसरा कर्नाटकातून येऊन राहिलेला. तो म्हणाला, “बेडा.” तेही ‘नको’च.

मामांनी बर्फाकडं बघितलं. बर्फ वितळत होता.

दोन-तीन आठवड्यांनी कुणीतरी बाजारातून स्वस्तात एक बोकड आणला. दिसायला बरा, नाक थोडं वाहत होतं. तो सगळ्यांच्या शेळ्यांबरोबर एकाच हौदावर पाणी प्यायला. पुढच्या आठवड्यात सकाळी सहाला माझ्या खोलीचं दार वाजायला लागलं. बाहेर पन्नासेक माणसं, दोनशे शेळ्या आणि एकच गलका. आजारी कोणती, धड कोणती, काही कळेना. आधी त्या वेगळ्या करायलाच आम्हाला दुपार झाली. मी पळत होते, कुणाला तरी ओरडत होते, कुणाचं ऐकत नव्हते.

मामा सुई भरता भरता म्हणाले, “बघा म्याडम, आता तिन्ही भाषेत ‘लवकर’ म्हणायलेत.”

•

गायकवाड शांत माणूस. आवाज चढवत नाही, घाई करत नाही. त्यांना उठून पळताना मी एकदाच बघितलंय.

हणमंतराव म्हणून एक शेतकरी. त्यांच्या सोयाबीनची पानं पिवळी पडायला लागली होती. हिरव्यात पिवळे ठिपके, मग सगळं झाडच पिवळं. त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं की अशी झाडं उपटून काढायची. अगदी बरोबर ऐकलं होतं. त्यांनी पंचवीस-तीस झाडं उपटली, पेंढी बांधली आणि गायकवाडांना दाखवायला डोक्यावरून घेऊन आले. पेंढी टेबलावर आपटली तशा तिच्यातून दहा-बारा बारीक पांढऱ्या माशा उडाल्या.

गायकवाड माशांकडं बघत राहिले. “पोत्यात घालून आणली का अशीच?”

“अशीच.”

“कुठल्या रस्त्यानं आलात?”

“रस्त्यानं कशाला, लांब पडतंय. बांधाबांधानं आलो. वाटंत समद्यांला दाखवत आलो. म्हणलं, तुमच्यात असं दिसलं तर उपटा.”

गायकवाडांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, “हणमंतराव, हा यलो मोझॅक. याचा विषाणू या पांढऱ्या माशीच्या तोंडातून जातो. माशी आजारी झाडावर बसते, मग चांगल्या झाडावर बसते. झाड उपटलं की माशी उडून दुसरं हिरवं शोधते.”

हणमंतरावांनी वाटेतली शेतं बोटांवर मोजली. सगळ्यात शेवटचं त्यांच्या सख्ख्या मेहुण्याचं निघालं.

गायकवाडांनी कपाटातले पिवळे चिकट सापळे उचलले आणि चक्क पळाले. दार ओलांडताना मागं बघून म्हणाले, “तुम्ही घरी डांबरी सडकेनंच जा.”

हणमंतराव माझ्या खोलीच्या दारात आले. मग मला हळूच विचारलं, “म्याडम, आलो त्याच वाटेनं परत गेलो, तर माशा माझ्यासंगं माघारी येत्याल का?”

•

लम्पीच्या साथीत मी गल्लोगल्ली एकच गोष्ट सांगत फिरत होते. गाईच्या अंगावर गाठी येतात तो रोग माश्या, डास आणि गोचीड पसरवतात. आजारी जनावर वेगळं बांधा. गोठ्यात धूर करा. मी सांगायची आणि माझ्याच हातावर माशी बसली की दचकायची. रात्री डोळे मिटले तरी कानाशी गुंईऽऽ.

सुभद्राकाकूंची एक कालवड होती, पहिल्यांदा गाभण. सगळ्या गल्लीत गाठी आल्या होत्या, हिच्या अंगावर एकही नव्हती. काकूंनी माझं बोलणं पदर खोचून, अगदी मन लावून ऐकलं. दुसऱ्या दिवशी जाते तर कालवड गुलाबी मच्छरदाणीत उभी. चार खुंट्या, वरून जाळी, शिंगानं फाटलं तिथं जुन्या लुगड्याचं ठिगळ. आतून कालवड शांतपणे रवंथ करत माझ्याकडं बघत होती.

“ही मच्छरदाणी कुठून आणली काकू?”

काकू जाळीची खुंटी घट्ट करायला वळल्या. आतल्या खोलीत त्यांची सून बसली होती, दोन महिन्यांचं बाळ मांडीवर. एका हातानं बाळाला थोपटत होती, दुसऱ्या हातानं टॉवेल फिरवून डास हाकलत होती. बाळाच्या कपाळावर तीन लाल चट्टे.

मी सांगितलं, हा रोग माणसाला होत नाही, घाबरू नका. तरी मला राहवेना. त्याच पावली देगलूरला जाऊन दुसरी मच्छरदाणी आणली. कालवडीला शेवटपर्यंत गाठ आली नाही. जाळीमुळं की नशिबानं, कोण जाणे.

नवी मच्छरदाणी हातात घेऊन सून म्हणाली, “म्याडम, हिच्यावर मोठ्या अक्षरात बाळाचं नाव लिहून द्या.”

•

कुत्रं चावलं तर जखम साबणानं भरपूर धुवायची, लगेच दवाखान्यात जाऊन सुया घ्यायच्या आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची. हे तिन्ही करणारा माणूस मला एकच भेटला, आमच्या शाळेचे गुरुजी.

ओळखीच्याच घरचं कुत्रं पोटरीला चावलं होतं. गुरुजींनी सुया सुरू केल्या. कुत्रं मालकानं दारात बांधून ठेवलं. रोज सकाळी शाळेच्या आधी मी त्याला बघायला जायची, तर गुरुजी माझ्या आधी तिथं. कुत्र्यापासून चार हात लांब, हातात बिस्किटाचा पुडा.

“खाल्लं का यानं? पाणी पिलं का? आवाज बदलल्यासारखा वाटतोय का?”

पाचव्या दिवशी कुत्र्यानं बिस्किट खाल्लं नाही. गुरुजी पांढरेफटक पडले. मीही घाबरले, पण दाखवलं नाही. दुपारपर्यंत मी तीन चकरा मारल्या. नंतर कळलं, रात्री मालकाकडं मटण होतं आणि हाडं याला मिळाली होती.

दहावा दिवस उजाडला. कुत्रं शेपूट हलवत होतं. मी म्हटलं, गुरुजी, सुटलात. गुरुजींनी पहिल्यांदाच जवळ जाऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

म्हणाले, “सासरे नांदेडला दवाखान्यात महिनाभर होते. मी दोनदा गेलो. याच्याकडं रोज येत होतो, हे तुमच्या गुरुजीणबाईंना कळू देऊ नका.”

•

शंकरमामांना ताप यायला लागला. दिवसभर बरे असायचे. ऊन कललं की अंग तापायचं, मग दरदरून घाम. कंबर धरलेली. मलेरिया तपासला, टायफॉईड तपासला, गोळ्या झाल्या, अंगारा झाला. दीड महिना असाच गेला. मामा अर्धे झाले, तरी रोज यायचे.

त्या काळात तीन गोठ्यांत म्हशींचे गाभ पडले होते. त्याचा रिपोर्ट मी लिहीत होते. कोणत्या गोठ्यात, कधी, गाभाबरोबरची वार अडकली होती का, कुणी काढली. पहिल्या गोठ्यात लिहिलं, शंकरमामा. दुसऱ्यात, शंकरमामा. तिसऱ्यात लिहिताना माझा हात थांबला.

ब्रुसेला नावाचा जंतू गाभ पाडतो आणि वार काढणाऱ्याच्या हातातून माणसात शिरतो. लांब हातमोजे आमच्या कपाटात होते, पण मामा ते मोठे साहेब तपासणीला आले तरच घालायचे. म्हणायचे, मोज्यातून हाताला दिसत न्हाई.

मी त्यांना त्याच दिवशी गाडीत घालून नांदेडला नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, “मामा, गेल्या काही महिन्यांत कुठल्या जनावराला हात लावला होता?”

मामा म्हणाले, “कुठल्याला न्हाई लावला, ते इचारा.”

तपासणीत तोच रोग निघाला. सहा आठवडे औषधं लागली. मी त्याच दिवशी गुपचूप माझंही रक्त दिलं होतं. माझा रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी खोलीतली भांडी चार वेळा घासली, कपाळाला हात लावून ताप बघितला, घरी फोन केला आणि काही न सांगता ठेवला. रिपोर्ट निल आला. कुणालाच सांगितलं नाही.

मामा कामावर परत आले त्या दिवशी पहिलं वाक्य म्हणाले, “म्याडम, तुमचं काय आलं?”

“माझं काय?”

“नांदेडला तुमच्या कोपरावर पट्टी होती. म्या बघितली व्हती.”

आता मामा एकावर एक दोन मोजे घालतात. परवा एकानं टोमणा मारला, “मामा, म्हशीची घाण वाटायली व्हय आता?”

मामा म्हणाले, “घाण न्हाई. तिची माझी वळख जरा जास्तच झाली.”

•

आणि मुक्ताबाई.

गावाबाहेर त्यांचा गोठा. सहा संकरित गाई, एक पंधरा दिवसांचं वासरू. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीनं उभं केलेलं. लाळ्या-खुरकूत शेजारच्या गावात आलाय कळल्या दिवसापासून त्यांनी गोठ्यात कुणाला घेतलं नव्हतं. दूधवाल्याला कॅन फाटकाबाहेर. पाहुण्याला बाज फाटकाबाहेर. फाटकात चुन्याची रेघ आणि रेघेच्या आत एक घमेलं, त्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी. आत यायचं तर पाय त्यात बुडवून यायचं.

लसीची फेरी आमच्या गावाला अजून पोचायची होती. मी दिवसाला वीस-वीस गोठे करत होते. तोंड आलेल्या गाई, खुरांत किडे पडलेले बैल, लाळेच्या तारा. त्या दिवशी मुक्ताबाईंची एक गाय गाभण आहे का बघायची होती. तातडीचं काहीच नव्हतं, पण मी तिकडूनच चालले होते. हात साबणानं धुतले, मोजे नवे घातले, ॲप्रन बदलला. फोन वाजत होता. तो कानाला लावून मी फाटकातून आत गेले आणि घमेलं ओलांडून पुढं आले.

गाय गाभण निघाली. मुक्ताबाईंनी हातावर गूळ ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. “म्याडम, तांबडी खायना झाली. तोंडातून तार गळायलीय.”

मी दिवस मोजले. परत मोजले. वाऱ्यानं आला असेल, म्हटलं. कावळ्यानं आणला असेल. दूधवाल्याचा कॅन असेल. स्कूटीवर बसले तेव्हा बुटांकडं नजर गेली आणि ते घमेलं आठवलं.

त्या दिवसापासून मी रोज गेले. सकाळी गेले, संध्याकाळी गेले. हे आमच्या कामात बसत नाही, एका गोठ्यासाठी एवढा वेळ कुणाकडंच नसतो. पण मी तुरटीच्या पाण्यानं सहा गाईंची तोंडं धुतली, खुरं धुतली, औषध लावलं, भाताची पेज पाजली. मुक्ताबाई गाईचं डोकं धरायच्या, मी तोंड उघडायची. सांगायचं मी रोज ठरवायची आणि रोज न सांगता परत यायची. आठव्या दिवशी वासरू उभ्या उभ्या कोसळलं आणि गेलं. मोठ्या गाई यातून बहुधा वाचतात, लहानग्यांचं काळीज टिकत नाही. मुक्ताबाईंनी त्याला स्वतः उचलून खड्ड्यात ठेवलं. गाय दोन दिवस हंबरत होती.

पंधराव्या दिवशी तांबडीनं वैरणीला तोंड लावलं. बाकीच्याही उभ्या होत्या. मुक्ताबाई शेण भरत होत्या. मी म्हटलं, “मुक्ताबाई, एक सांगायचंय. हा रोग तुमच्या गोठ्यात माझ्या बुटांनी आला.”

त्यांचं खोरं थांबलं नाही.

“त्या दिवशी मी घमेल्यात पाय न घालता आत आले,” मी म्हटलं.

“ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “म्या बघितलं व्हतं. तवाच बोलायचं व्हतं. पर डॉक्टरला पाय धू म्हणून कसं सांगावं?”

“आणि नंतर? तांबडी आजारी पडल्यावर? तेव्हा का नाही बोललात?”

मुक्ताबाईंनी पाटी डोक्यावर घेतली, एका हातानं सावरली आणि माझ्याकडं बघितलं.

“तवा बोलले असते, तर तुमी रोज आला असता का?”